फाटक्या पुस्तकांचा इतिहास

मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’वरून (१८५७) हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’वर (१८८५) उडी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. मधल्या पंचवीस-तीस वर्षांना ‘अद्भुतरम्य’ असे नाव देऊन अभ्यासक त्यांना दोन परिच्छेदांत वाटेला लावतात. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) त्या दोन परिच्छेदांतच आटोपतात. लोकांनी वाचली ती मात्र हीच पुस्तके.

रिसबूडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत आपली बाजू मांडली आहे. आपल्यातील विवाहाची चाल आणि अशाच इतर कारणांमुळे रोजच्या आयुष्यात रंजक गुणही सापडत नाहीत आणि रंजक दोषही. ते जसेच्या तसे लिहिले तर कोण वाचणार, असा त्यांचा मुद्दा. समीक्षकांना ही पळवाट वाटली. मला त्यात एक सामाजिक तक्रार ऐकू येते. लग्न वडीलधाऱ्यांनी बाळपणीच उरकून टाकलेले, तर कादंबरीकाराने प्रीती कुठे शोधावी? मग तो नायकाला दूरच्या काल्पनिक राज्यात पाठवतो.

पुढे या अद्भुताने विज्ञानाचा अंगरखा चढवला. कोचीनमध्ये १८८६ साली सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’मध्ये कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठीत क्रमशः आणली. मराठी मुलखापासून इतक्या लांब बसून एक माणूस मराठी वाचकाला चंद्रावर नेत होता! काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’मध्ये १९१५ साली श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा म्हणून तिचे नाव घेतात. मराठीतला पहिला दिवाळी अंकही ‘मनोरंजन’चाच, १९०९ चा. विज्ञानकथेचे आणि दिवाळी अंकाचे घर असे एकच आहे.

त्यानंतरचा माणूस भा. रा. भागवत. व्हर्न आणि वेल्स त्यांनी अशा मराठीत उतरवले की मूळ लेखक फ्रेंच की इंग्रज, हा प्रश्न पोरांना पडतच नसे. आमच्या महागावसारख्या ठिकाणी, जिथे कापूस, तूर आणि पावसाची वाट याभोवती वर्ष फिरते, तिथे ज्याने कधी समुद्र पाहिला नाही तो मुलगा पाणबुडीत बसून समुद्राचा तळ पाहून येई. मीही त्यातलाच.

ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. अ, ब, क, ड वर्ग ठरले, अनुदान आले आणि गावोगावची वाचनालये टिकली. त्यांच्या कपाटांत एक गंमत दिसते. मान्यवर समीक्षाग्रंथ नव्यासारखे असतात. नारायण धारपांच्या पुस्तकाचा पहिला फर्मा गळालेला, पुठ्ठ्याला खळ लावून खाकी कागद चढवलेला. ‘लुचाई’ रात्री वाचू नये असे एकमेकांना सांगत सगळ्यांनी ती रात्रीच वाचली. (तिचे मूळ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये आहे, हे पुष्कळांना फार उशिरा कळले. त्याने भीती कमी झाली नाही.) पण पुस्तक जीर्ण झाले की त्याचे निर्लेखन होते आणि ते रद्दीत जाते. जे सर्वांत जास्त वाचले गेले तेच आधी नाहीसे होते, आणि शंभर वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला कपाटात फक्त न वाचलेली पुस्तके सापडतात. अंतरकरांच्या ‘नवल’चे जुने अंक आज शोधून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरे उलटी केलेली. नावाच्या वजनाचा परीक्षकांवर परिणाम नको, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ आली. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा विज्ञानकथेला सन्मान मिळाला, असे पुष्कळ जण म्हणाले. धारपांना मात्र ते भाग्य लाभले नाही. ते २००८ सालीच गेले होते. यवतमाळात १९७३ आणि २०१९ अशी दोन अखिल भारतीय संमेलने झाली. आता जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या जुन्या देवघेव नोंदवह्या कुणी उघडायला हव्यात. पण जागा अडते म्हणून त्याही रद्दीच्या वाटेला लागल्या आहेत.