मेघालयातील दगड आणि धोलावीराचे जलाशय

२०१८ साली भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आपण ज्या भूशास्त्रीय कालखंडात जगत आहोत, त्याला ‘मेघालयन’ हे नाव दिले. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या या कालखंडाचा प्रमाण-पुरावा चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतील एका चुनखडीच्या स्तंभात आहे. ठिबकत्या पाण्याने हा स्तंभ थराथराने वाढत गेला. मान्सून क्षीण झाला की थरांतील जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. युरेनियम आणि थोरियम यांच्या गुणोत्तरावरून थरांचे वय कळते. दुष्काळाची ही नोंद अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशाने जपावी, हा योग विलक्षण आहे.

त्या काळी कच्छच्या रणातील खदिर बेटावर सिंधू संस्कृतीचे धोलावीरा हे नगर उभे होते. जवळ बारमाही नदी नव्हती. होते ते मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे. नगरवासीयांनी त्यांवर बंधारे घातले, ते पाणी वळवले आणि खडक कोरून मोठे जलाशय केले. आर. एस. बिश्त यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात ही सारी व्यवस्था उजेडात आली. २०२१ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या गौरवात एक गोष्ट मात्र झाकली जाते. ते जलाशय पावसाच्या लहरीपणावरचा उपाय होते. पिढ्यान्‌पिढ्या पाऊस घटत जाण्यावरचा नव्हे. नगर रोडावले, काही काळ ओस पडले. पुढे लोक परतले, पण अखेरच्या टप्प्यात तिथे उरल्या त्या साध्या गोल झोपड्या. अन्यत्रही मोठी नगरे विरळ झाली आणि पूर्वेकडे लहान वस्त्या वाढल्या. या साऱ्यात दुष्काळाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

आपण याला ‘ऱ्हास’ म्हणतो. माणसे मात्र टिकली. स्थलांतर करून, गरजा कमी करून टिकली. त्याची किंमतही त्यांनी मोजली: नगररचना गेली, मुद्रा गेल्या, लिपी विसरली गेली.

आज भारत जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. आपले जलाशय जमिनीखाली असल्याने ते रिते होताना दिसत नाहीत, एवढाच फरक. धोलावीराच्या लोकांना पूर्वेकडे वाट मोकळी होती. आजचा दुष्काळग्रस्त गाव सोडून शहरात येतो, तेव्हा तिथेही टँकरची रांग त्याच्या आधीच लागलेली असते. म्हणून कमी पाण्यात जगण्याची तयारी गाव सुटण्यापूर्वीच करावी लागेल.