भागानगरच्या वेशीवर फिरंगी व्यापारी

सतराव्या शतकात भागानगरात, म्हणजे आजच्या हैदराबादेत, येऊ पाहणाऱ्या फिरंगी व्यापाऱ्याची कुतुबशाही सत्तेशी पहिली गाठ पडे ती दरबारात नव्हे, तर वेशीवर. ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेविले आहे की, परक्याच्या सामानाची मीठ आणि तंबाखू यांसाठी कसोशीने झडती घेत असत, कारण सुलतानाचा मुख्य महसूल या जिनसांवर होता. आणि पहाऱ्याच्या अंमलदाराकडून दारोग्याकडे वर्दी जाऊन परवानगी येईतो कधी एक-दोन दिवस बाहेरच मुक्काम पडे. हिऱ्यांसाठी होनांच्या थैल्या घेऊन आलेल्या सौदागरालाही मिठाच्या संशयापायी असे तिष्ठावे लागे.

हिऱ्यांच्या खाणींवरचा रिवाज याहून स्पष्ट होता. शेजारच्या आदिलशाही मुलखातील रावळकोंड्याच्या खाणीवर प्रत्येक खरेदीमागे शेकडा 2 सरकारात भरावे लागत. शिवाय जो व्यापारी जमीन घेऊन खोदाई करवी, त्याला 50 मजुरांमागे रोज 2 होन आणि 100 मजुरांमागे 4 होन, काम सुरू झाल्या दिवसापासून ते संपेपर्यंत, द्यावे लागत. हिरा सापडो वा न सापडो, सरकारचे होन चुकत नसत. जोखीम तेवढी व्यापाऱ्याची. तेथील सौदाही निःशब्द चाले: कापडाखाली हातात हात घेऊन, सबंध पंजा धरला तर हजार आणि एक बोट धरले तर शंभर, अशा खुणांनी भाव ठरे, आणि भोवती बसलेल्यांना त्याचा पत्ता लागत नसे.

खरी अडचण होती ती मछलीपट्टणच्या बंदरात. कुतुबशाहीत अंमल मक्त्याने, चढ्या बोलीने दिला जाई. साहजिकच बोलीची रक्कम मुदतीच्या आत वसूल करण्यासाठी हवालदार जकातीचा दर आणि नजराण्याची अपेक्षा आपल्या सोयीने ताणीत असे. इंग्रजांनी 1632 मध्ये अब्दुल्ला कुतुबशाहाकडून जे ‘सोनेरी फर्मान’ मिळविले, त्याचे मर्म येथेच आहे. वर्षाकाठी 500 होन भरून त्यांना राज्याच्या बंदरांत मुक्त व्यापाराची मुभा मिळाली, आणि प्रत्येक गाठोड्यामागची घासाघीस टळली. पुढे याच दरबाराने मराठ्यांना दरसाल लाख होन देण्याचे कबूल केले, हे ध्यानी घेतले म्हणजे ही 500 होनांची चुकती किती स्वस्त होती ते कळते. माझ्या मते हा केवळ इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चातुर्याचा विजय नव्हे. परक्याला सवलत देऊन देशी कोमट्याला आणि विणकराला हवालदाराच्या हाती सोडणारी ही राजनीती मुळातच अन्यायाची होती.

1687 मध्ये कुतुबशाहीचा गोवळकोंडा पडला, पण पुढे निजामाच्या अमलात ही रीत निराळ्या रूपाने पुन्हा अवतरली. 1802 च्या व्यापारी तहाने कंपनीच्या मुलखातून निजामाच्या राज्यात येणाऱ्या मालावर शेकडा 5 एवढीच जकात, तीही एकदाच, घेण्याचे ठरले. निजामी अमदानीत जकातीच्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. त्या खात्याचे नाके मराठवाड्याच्या सरहद्दीवरही होते, आणि 1947-48 च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात क्रांतिकारकांनी ज्या सरकारी ठिकाणांवर हल्ले चढविले, त्यांत या करोडगिरी नाक्यांचा समावेश होता.