फ्रेंच रजा आणि इंग्रजी पळ

मेजवानीला आलेला पाहुणा यजमानाचा निरोप न घेता हळूच नाहीसा झाला, की इंग्रज म्हणतो, त्याने 'फ्रेंच रजा' घेतली. हाच प्रकार पॅरिसमधल्या एखाद्या घरी घडला, की फ्रेंच यजमानीण म्हणते, गृहस्थ 'इंग्रजी पद्धतीने सटकले'. एकच अपराध, पण आरोपी मात्र प्रत्येकाच्या मते शेजारच्या घरातला! या भांडणात युरोपातल्या इतर भाषांनाही पक्ष घ्यावा लागला आहे. जर्मन आणि पोर्तुगीज भाषा इंग्रजांची बाजू घेतात, तर इटालियन भाषा फ्रेंचांची. आपण मराठी माणसे अशा वेळी नुसता पोबारा करतो. हा शब्द सोंगट्यांच्या दानावरून आलेला असल्यामुळे त्यात कोणाची अब्रू जात नाही. पण म्हणून आपण फार शेखी मिरवू नये. सरळ नाक न धरता डोक्यामागून हात नेऊन ते धरणाऱ्याच्या खटाटोपाला आपण 'द्राविडी प्राणायाम' म्हणतो, आणि तसे म्हणताना एकाही द्राविडाची साक्ष काढलेली नसते.

इंग्रज आणि फ्रेंच यांची ही कुरबूर शेजाऱ्यांची खरी, पण तिला भाऊबंदकीचा वास आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढली तीनशे वर्षे तिथला दरबार, कायदा व सरदारांची पंगत यांची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयांतले वादविवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडावे लागले. इंग्लंडच्या राजांनी 'फ्रान्सचा राजा' हे बिरुद तर १८०१ पर्यंत सोडले नव्हते. आणि आजसुद्धा ब्रिटिश पार्लमेंटात एखाद्या विधेयकाला राजाची संमती मिळाली, की ती जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्येच जाहीर केली जाते. ज्याच्यावर पळपुटेपणाचा आरोप करायचा त्याचीच भाषा घरातल्या देवघरात ठेवायची, असा हा संसार आहे.

मला या दोन्ही भाषांतल्या म्हणींचा नाद बऱ्याच वर्षांपासून आहे. सुरुवातीला गंमत वाटते ती स्वयंपाकघरातली आणि परसातली. दुधाने तोंड पोळले की आपण ताकही फुंकून पितो. फ्रेंचांच्या घरी पोळते ते मांजर, आणि मग ते थंड पाण्यालाही भिते. इंग्रजांना 'तळायला दुसरे मासे' असतात, तेव्हा फ्रेंचांना 'चाबूक मारायला दुसरी मांजरे' असतात. पावसाच्या बाबतीत मात्र इंग्रजांनी ताळतंत्र सोडले आहे. त्यांच्याकडे कुत्री-मांजरे पडतात. फ्रेंचांच्या आभाळातून दोर पडतात, क्वचित भाले पडतात. आपल्या मुसळांशी या भाल्यांचे जमण्यासारखे आहे. तिन्हीसांजेला फ्रेंच माणूस 'कुत्रा आणि लांडगा यांच्या मधली वेळ' म्हणतो. समोरून येणारे जनावर राखणदार आहे की भक्षक, हे ज्या उजेडात ओळखू येत नाही ती ही वेळ. आपली कातरवेळ मनाला हुरहूर लावते. त्यांची ही वेळ मेंढपाळाच्या हातातली काठी घट्ट करते.

पण ही झाली फराळाच्या ताटातली चव. पुढे पुढे माझे लक्ष वेधले ते ज्या म्हणींच्या पोटात खरी माणसे आणि खऱ्या तारखा दडलेल्या आहेत त्यांनी.

'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. फ्रेंच याच अर्थाने म्हणतात, 'अस्वल मारण्याआधी त्याचे कातडे विकू नये.' इसापाची अस्वलाची आणि दोन मित्रांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. तिचाच एक पाठभेद फ्रेंच राजकारणात कसा वापरला गेला, ते फिलिप द कोमीन या मुत्सद्द्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. साल १४७५. फ्रान्सचा राजा अकरावा लुई हा कोळ्यासारखा जाळे विणणारा राजा. बर्गंडीचा धाडसी चार्ल्स हा त्याचा हाडवैरी. लुईने जर्मन सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्याकडे वकील पाठवून सुचविले, की आपण दोघे मिळून चार्ल्सचा मुलूख वाटून घेऊ. सम्राटाने उत्तरादाखल एक गोष्ट सांगितली. तिघा सोबत्यांनी खाणावळवाल्याची उधारी अस्वलाच्या कातड्यातून फेडण्याचे कबूल केले आणि ते अस्वलाच्या शोधात निघाले. अस्वल समोर आले तेव्हा एक झाडावर चढला, दुसरा गावाकडे पळाला, तिसरा मेल्याचे सोंग घेऊन पडला. अस्वलाने त्याला हुंगले आणि ते निघून गेले. झाडावरच्याने खाली उतरून विचारले, "ते तुझ्या कानात काय सांगत होते?" तो म्हणाला, "अस्वल मेल्याखेरीज त्याच्या कातड्याचा सौदा करू नकोस, असे." वकिलाने काय समजायचे ते समजून घेतले.

मौज पुढेच आहे. दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच ५ जानेवारी १४७७ रोजी नान्सीच्या लढाईत चार्ल्स ठार झाला. त्याचे प्रेत सापडले तेव्हा ते लांडग्यांनी विद्रूप केलेले होते. लुईने बर्गंडी गिळली खरी, पण चार्ल्सच्या मुलीचे लग्न त्याच फ्रेडरिकच्या मुलाशी झाले, आणि नेदरलंडसारखा श्रीमंत मुलूख सम्राटाच्या घराण्याकडे गेला. म्हणजे कातड्याचा सौदा न करणाऱ्याच्याच घरी कातड्याचा मोठा तुकडा आला.

इथवर सारे गोड आहे. परंतु म्हणींच्या दरबारात सगळ्यांनाच असा न्याय मिळत नाही. केंब्रिजच्या टॉमस हॉब्सनचेच पाहा. 'हॉब्सनची निवड' म्हणजे निवड मुळी नसणेच. जे पुढे केले ते घ्या, नाहीतर रिकाम्या हाताने जा. हे ऐकले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो एक आडमुठा, गिऱ्हाइकाला धूप न घालणारा दुकानदार. वस्तुतः हा गृहस्थ केंब्रिज आणि लंडन यांच्यामध्ये टपाल-सामानाची गाडी चालवी, आणि पदरी चाळीसएक घोडे ठेवून ते विद्यार्थ्यांना भाड्याने देई. तरुण विद्यार्थी! त्यांना हवा असे तो सर्वांत चपळ घोडा, आणि तो ते असा पिटाळीत की जनावर तोंडाला फेस येऊन परत यावे. हॉब्सनने नियम केला, की तबेल्याच्या दाराजवळ जो घोडा उभा असेल तोच न्यायचा. परत आलेला घोडा रांगेच्या शेवटी जाई. त्यामुळे प्रत्येकाला पाळीपाळीने काम आणि पाळीपाळीने विश्रांती मिळे. १७१२ मध्ये 'स्पेक्टेटर' पत्राने ही हकीकत छापली आणि हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. पुढे शब्द तेवढा उरला आणि घोडे गळून पडले. प्लेगमुळे लंडनच्या फेऱ्या बंद असतानाच १ जानेवारी १६३१ रोजी हॉब्सन वारला. मिल्टनसारख्या कवीने त्याच्यावर विनोदी मृत्युलेख लिहिले. त्यांचा सूर असा, की गाडी थांबली म्हणून म्हातारा थांबला. गावात बाहेरून गोडे पाणी आणणारा जो पाट आहे, त्याच्याशी या हॉब्सनचे नाव उपकारकर्ता म्हणून जोडलेले आहे, आणि केंब्रिजच्या ट्रम्पिंग्टन रस्त्याच्या कडेने ते पाणी आजही वाहते. पण पाणी पिताना माणसाची आठवण कोण काढतो?

याहून कठोर शिक्षा झाली ती फ्रान्समध्ये जार्नाकच्या बॅरनला. 'जार्नाकचा वार' म्हणजे फ्रेंचमध्ये दग्याचा, पाठीमागून केलेला वार. आपण 'केसाने गळा कापला' म्हणतो, त्या जातीचा. खरी कथा अशी. गी शाबो, म्हणजे हा जार्नाक, दरबारात उंची कपडे घालून वावरे. युवराज हेन्‍रीच्या गोटातून कंडी उठली, की याचा डामडौल सावत्र आईच्या पैशावर चालतो, आणि त्याला पुढे आणखी घाणेरडे शेपूट जोडले गेले. जार्नाकने ज्याने कोणी हे म्हटले तो खोटारडा, असे जाहीर केले. युवराजाला स्वतः लढता येईना. म्हणून त्याचा आवडता योद्धा ला शातेन्यरे याने तो आरोप आपल्या अंगावर घेतला. हा मोठा मल्ल, तलवारबहाद्दर. वृद्ध राजा पहिला फ्रान्सिस याने द्वंद्वाला परवानगी नाकारली. मार्च १५४७ मध्ये तो वारला, युवराज दुसरा हेन्‍री म्हणून गादीवर बसला आणि परवानगी मिळाली.

१० जुलै १५४७ रोजी सॅं-जर्मॅंच्या राजवाड्यापाशी सारा दरबार जमला. ला शातेन्यरेला विजयाची इतकी खात्री, की त्याने आपल्या तंबूत संध्याकाळच्या मेजवानीची सिद्धता करून ठेवली होती. (अस्वलाचे कातडे!) जार्नाक मात्र एका इटालियन उस्तादाकडे कसून शिकलेला होता. त्याने प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यामागच्या शिरेवर वार केला, आणि तो मल्ल जमिनीवर कोसळला. वार अनपेक्षित होता, पण नियमात बसणारा होता, आणि समोरासमोर केलेला होता. जार्नाकने शत्रूचा जीव घेतला नाही. आपली अब्रू परत द्यावी आणि या माणसाचा जीव आपण ठेवून घ्यावा, अशी विनवणी त्याने राजाला पुन्हा पुन्हा केली. राजा बराच वेळ गप्पच राहिला. अखेर त्याने ती मान्य केली. परंतु ला शातेन्यरेने अपमानाच्या तिडकीने जखमेच्या पट्ट्या फाडून टाकल्या आणि तो मेला. मेजवानी जमलेल्या गर्दीने लुटून खाल्ली म्हणतात.

आता यात दगा कोणी केला? कंडी पिकवणारा राजपुत्र नामानिराळा राहिला. निंदा सहन न झाल्यामुळे उघड मैदानात उतरलेला माणूस दगाबाजीचा मानकरी ठरला. सुरुवातीला त्या वाराचा अर्थ 'कुशल, अकल्पित वार' एवढाच होता. अठराव्या शतकातल्या त्रेवूच्या कोशाने त्यात कपटाचे विष कालवले. पुढच्या शतकात लित्रेसारख्या साक्षेपी कोशकाराने बजावले, की त्या वारात काही गैर नव्हते. पण कोशातल्या दुरुस्त्या लोकांच्या जिभेपर्यंत पोचत नाहीत. दुसरा हेन्‍री मात्र एका खेळातल्या भालायुद्धात जखमी होऊन वारला, तोही १० जुलै रोजीच, बारा वर्षांनी, १५५९ मध्ये. या योगायोगावरून एकही म्हण निघाली नाही.

माणसांप्रमाणेच लढायांचीही गत. पुरता पराभव झाला की इंग्रज म्हणतो, अमक्याला त्याचे 'वॉटर्लू' भेटले. १८१५ ची ती लढाई जिंकणारे तेच. तेव्हा त्यांनी तसे म्हणावे यात नवल नाही. आपले पानिपत होते. १७६१ च्या त्या लढाईत जे गेले त्यांच्या नावाची मराठी माणसाने अशी काही गाठ बांधली, की कोणाचा भरवसा उरला नाही की आजही आपण म्हणतो, 'विश्वास तर पानिपतात गेला.' विश्वासरावाच्या नावावरचा तो श्लेष हसून बोलला जातो, पण कोणे एके काळी तो हसण्याचा विषय नव्हता. स्वतःच्या पराभवाचे नाव आपण स्वतःच घेतो, आणि या बाबतीत फ्रेंच आपले सोयरे आहेत. त्यांचे पानिपत म्हणजे 'बेरेझिना'. निवडणुकीत पक्ष आपटला, फुटबॉलमध्ये संघ हरला, की ते म्हणतात, 'ही तर बेरेझिना!'

बेरेझिना ही आजच्या बेलारूसमधली नदी. नोव्हेंबर १८१२. नेपोलियनची सेना मॉस्कोहून माघारी येत होती. थंडीत गोठलेली नदी ओलांडावी, तर मध्येच उबारा होऊन बर्फ वितळले. पूल रशियनांच्या हाती, मागे रशियन, पुढे रशियन. होड्यांचे पूल बांधण्याचे सामान तर थोड्याच दिवसांपूर्वी बादशहाच्याच हुकमाने जाळून टाकलेले. पूलबांधणीचा सेनापती एब्ले याने मात्र हुकुमाबाहेर जाऊन लोहाराच्या भट्ट्या, कोळसा, खिळे व अवजारे यांच्या काही गाड्या मागे राखून ठेवल्या होत्या. दक्षिणेकडे हूल दाखवून रशियनांना तिकडे वळविले गेले, आणि स्टुडियंका गावाजवळ एब्लेच्या माणसांनी घरे मोडून लाकूड काढले. त्यात फ्रेंच होते, डच होते. हिमगार पाण्यात छातीइतके, खांद्याइतके उभे राहून त्यांनी २६ तारखेला दोन पूल उभे केले. पूल वारंवार मोडले, आणि प्रत्येक वेळी ती माणसे पुन्हा पाण्यात उतरली. त्यांतली बहुतेक वाचली नाहीत. त्या पुलांवरून बादशहा गेला, त्याचे सेनापती गेले, सैन्याचा गाभा गेला. २९ तारखेच्या सकाळी पूल जाळावे लागले, तेव्हा पलीकडे हजारो रेंगाळलेले, आजारी, बायकामुले राहिली. रात्री पूल मोकळे असताना एब्लेने त्यांना चला म्हणून परोपरीने विनविले होते. शेकोटीजवळून ती उठली नाहीत. जाळण्याची वेळही त्याने होईल तितकी लांबविली.

सैन्य कैद होणार होते; ते निसटले. युद्धशास्त्राच्या हिशेबाने बेरेझिना हे फ्रेंचांचे यशच म्हटले पाहिजे. पण पलीकडच्या तीरावर जे राहिले त्यांचा हिशेब भाषेने ठेवला, आणि तो युद्धशास्त्राहून वेगळा निघाला. यात चूक कोणाची म्हणावी, याचा निवाडा मला करता आलेला नाही. जार्नाकच्या बाबतीत मी सरळ जार्नाकच्या बाजूने उभा राहतो. इथे तसे जमत नाही.

एब्ले स्वतः तापाने खंगत कोनिग्सबर्गपर्यंत पोचला आणि तिथे ३१ डिसेंबर १८१२ रोजी वारला. पॅरिसमधल्या विजयकमानीवर इतर सेनापतींबरोबर त्याचेही नाव कोरलेले आहे, आणि इन्व्हालिदच्या जवळ, जिथे नेपोलियनची कबर आहे तिथून थोड्या अंतरावर, त्याच्या नावाचा एक लहानसा रस्ता आहे.