पेपर किती? ठीक आहे. पण शोधलं काय?

काही वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांच्या सत्काराची प्रेसनोट आली. आंतरराष्ट्रीय शोधनिबंध इतके, सायटेशन इतकी. मी आकडा उचलला, हेडिंग केलं, बातमी सोडली. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त गुरुजींचा फोन. "आकडा कळला हो, पण सरांनी शोधलं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

तो प्रश्न आजही टोचतो. म्हणून आज डॉ. कमल रणदिवे यांच्याबद्दल लिहितोय.

जन्म पुण्यातला, ८ नोव्हेंबर १९१७. माहेरच्या समर्थ. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि टाटा हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. मार्गदर्शक होते डॉ. वसंत खानोलकर. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. जगभर गाजलेल्या 'हेला' पेशी वाढवल्या त्या याच गाय यांनी. बाई तिथं थांबल्या नाहीत. मुंबईला परतल्या आणि शरीराबाहेर पेशी वाढवणारी, म्हणजे टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली मानली जाते.

त्यांचं काम मुख्यतः स्तनांच्या कर्करोगावर. आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या उंदरांवर तपासत होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९८२ ला पद्मभूषण मिळालं. नावावर २०० हून जास्त शोधनिबंध.

आता हे २०० म्हणजे किती मोठं? इथंच गंमत आहे.

एखाद्या शोधनिबंधाचा दाखला दुसऱ्या संशोधकानं दिला की ते एक सायटेशन. ही मोजदाद पद्धतशीर सुरू केली अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी. १९५५ मध्ये त्यांनी कल्पना मांडली, १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. मूळ हेतू साधा होता. जुन्या लेखाचा धागा पुढं कुणी नेला, हे शोधणं सोपं व्हावं. माणसाला मार्क देणं हा नव्हता. १९५० च्या दशकात रणदिवे बाई मुंबईत उंदीर पाळून निरीक्षणं लिहीत होत्या, तेव्हा हे मोजमाप जन्मायचं होतं. आज आपण ज्याला एच-इंडेक्स म्हणतो, तो तर २००५ चा. त्या २००१ लाच गेल्या.

शिवाय सायटेशन म्हणजे दर्जाच असं नाही. जगात सर्वाधिक दाखले मिळालेला शोधनिबंध प्रथिनं मोजायच्या एका पद्धतीचा आहे, १९५१ चा, लाउरी आणि सहकाऱ्यांचा. दाखले ३ लाखांच्या वर. पद्धत उपयोगी होती, प्रत्येक प्रयोगशाळेला लागायची, म्हणून. उलट एखाद्याचं चुकलं हे दाखवायला दिलेला दाखलाही त्याच खात्यात जमा होतो.

खानोलकरांचंच बघा. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा छापला. पुढच्या वर्षी 'धोतराचा कर्करोग' जगापुढं मांडला. कमरेला घट्ट कसलेलं धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घासतं, तिथल्या कातडीला होणारा हा रोग. धोतर न नेसणाऱ्या देशात या लेखाचा दाखला कोण कशाला देईल? पण आपल्या माणसाला त्याची गरज होती.

आणि आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. १९७३ मध्ये रणदिवे बाईंनी इतर शास्त्रज्ञ महिलांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापली. पुढं त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूर भागात, आल्या. आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, गावातल्या बायकांच्या आरोग्याचं काम केलं. पद्मभूषण मिळालेली कर्करोगतज्ज्ञ डोंगरातल्या पाड्यांवर! या कामाचा दाखला कुठल्या इंडेक्समध्ये शोधणार?

मोजूच नये असं मी म्हणत नाही. शोधनिबंध छापलाच पाहिजे, इतरांनी तो तपासला पाहिजे. त्याशिवाय विज्ञान पुढं जात नाही. बाईंनीही २०० वर लिहिलेच की. पण बढती आकड्यावर अडली की पैसे भरून छापणारी मासिकं निघतात, आणि आमच्यासारखे पत्रकार तेच आकडे हेडिंगला लावतात. त्या पापात माझाही वाटा आहे.

तेव्हापासून एक नियम केलाय. सत्काराची प्रेसनोट आली की फोन करून आधी एकच विचारतो, "सर, सापडलं काय ते दोन वाक्यांत सांगा." काही जण चिडतात. काही जण तासभर बोलतात, आणि ती बातमी खरी होते.

राजूर-अकोले भागातल्या कुणाला बाईंचं काम आठवत असेल, घरात कुणी त्यांच्यासोबत काम केलं असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. ते कुठंतरी नोंदवून ठेवू. हाही दाखलाच.