वाम : एका नावाचा इतिहास

आमची कळमनुरी समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेली. कयाधू आणि पैनगंगा या आमच्या नद्या. त्यांतील लांबट, सर्पाकृती माशास आम्ही ‘वाम’ म्हणतो. आणि मुंबईच्या मासळीबाजारात कोळीणही टोपलीतील पुरुषभर लांबीच्या माशास ‘वाम’च म्हणते. साहजिकच, नदीतील वाम धाकटी व समुद्रातील थोरली, अशी आपली समजूत होते. ही समजूत कितपत खरी, हा आजचा विषय.

प्रथम समुद्रातील वाम पाहू. तिचे अंग पिवळसर सोनेरी व गुळगुळीत असते. त्यावर खवले मुळीच नसतात. पोटाखालचे पर नाहीत. पाठीवरचा, शेपटीचा व खालचा पर मिळून एकच सलग झालर बनलेली असते. मुस्कट लांब, जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला, आणि टाळूच्या मध्यावर मोठ्या, तीक्ष्ण दातांची रांग. ही पूर्ण वाढली म्हणजे दोन मीटरांहून अधिक लांब होते. भारताच्या किनाऱ्यापासून इंडोनेशियापर्यंतच्या उष्ण समुद्रांत, सुमारे शंभर मीटर खोलीपर्यंतच्या मऊ चिखलाच्या तळाशी तिचे वास्तव्य. खाड्यांच्या मुखांतही ती शिरते. लहान मासे व कोळंबीसारखे जीव हे तिचे भक्ष्य.

आता नदीतील वाम घ्या. तिच्या पाठीवर पराच्या पुढे सुट्या काट्यांची ओळ असते, अंगावर बारीक खवले असतात, आणि नाकाचे टोक मांसल असते. दोघींचा आकार सारखा, परंतु कुळे निराळी. चिखलात व दगडांच्या फटींत वावरणाऱ्या जीवांना लांब, निमुळते शरीर सोयीचे पडते. म्हणून परक्या कुळांतही तोच आकार घडतो.

आकारावरून फसण्याची पाळी मोठमोठ्या पंडितांवरही आली होती. अठराव्या शतकात युरोपच्या समुद्रात वेळूच्या पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक असा एक इवलासा जीव सापडला. त्याचे डोके अगदी लहान, म्हणून त्यास ‘लेप्टोसेफॅलस’, म्हणजे बारीक डोक्याचा, असे नाव देऊन स्वतंत्र मासा मानण्यात आले. १८६४ मध्ये अमेरिकेतील थिओडोर गिल यांनी, ही काँगर नामक सागरी सर्पमाशाची पिले असावीत, असे मत मांडले. पुढे १८८६ मध्ये फ्रान्समधील रॉस्कॉफ येथे ईव्ह दलाज यांनी असा एक जीव पाण्याच्या पात्रात जगवला, आणि पाहता पाहता त्याचा काँगर झाला! वाद तेथेच मिटला.

आपली समुद्रातील वाम याच काँगरच्या गोतावळ्यातील. तिचेही बालपण अशाच पारदर्शक पानाच्या रूपात, समुद्राच्या प्रवाहांबरोबर वाहत जाते. नदीतील वामेस असे बालपण नाही. आणि हीच त्या दोघींना वेगळे करणारी पक्की खूण होय. एके ठिकाणी एका नावाखाली दोन जीव दडले, तर दुसऱ्या ठिकाणी एकाच जीवास दोन नावे मिळाली.

समुद्रातील वामेचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले ते बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्त्यात, राहणाऱ्या पीटर ब्लीकर या डच लष्करी वैद्याने, १८५० नंतरच्या काही वर्षांत. परंतु आपल्या कोळ्यांस ती त्याच्या पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे मांस तर खाल्ले जातेच; शिवाय पोटातील हवेची पिशवी वाळवून दूरदेशी विकली जाते.

कोणी म्हणेल, नावाने काय बिघडते? बिघडते ते असे. बाजारात तिच्या जवळच्या इतर जातीही ‘वाम’ याच नावाने विकल्या जातात. सर्वांची नोंद एकाच शब्दाखाली झाली, तर त्यांतील एखादी जात कमी होऊ लागल्याचे टोपलीकडे पाहून कोणाच्या ध्यानी येणार? आज यांत्रिक बोटींची जाळी, ही जेथे राहते तो तळच खरवडीत जातात. जिचा हिशेब वेगळा ठेवलेला नाही, ती नाहीशी झाली तरी वहीत तूट दिसत नाही.

म्हणून नदीकाठच्या व समुद्रकाठच्या दोघाही बांधवांना माझे सांगणे एवढेच : जुने नाव टाकू नका, ते आपल्या वाडवडिलांचे आहे, मात्र नावामागचा जीव एकदा निरखून पाहा. पाठीवर काटे आहेत की सलग झालर, एवढे पाहिले तरी पुष्कळ उमगेल.