नमनापासून ‘महानिर्वाण’पर्यंत

यशवंतगडाच्या सावलीत वाढलेल्या आपल्याला नाटक पहिल्यांदा भेटले ते नमनात. गौळणीतली मावशी मृदंगाच्या ठेक्यावर बोलायची आणि हशा ओसरल्यावरच पुढचा शब्द टाकायची. अभिनयाचा तो पहिला धडा. त्याचे मोल मला पुढे हौशी रंगभूमीवर कळले.

मोलिएरची ‘स्गानारेल’ ही पद्यातली विनोदी नाटिका १६६० सालची. तिच्यावर आधारलेल्या इंग्रजी नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिले. पुढे तेच पदांसह ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. फाल्गुनरावाची तालीम करताना एक गोष्ट पटली : त्याला स्वतःचा संशय अगदी खरा वाटला पाहिजे. नटच हसू लागला, की प्रेक्षक हसायचे थांबतात.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) तर मेलेला भाऊरावच आपल्या मरणाचे कीर्तन करतो. तिथे तर्क शोधून भागत नाही. कीर्तनाची लय सांभाळायची आणि अशक्य ते रोजच्यासारखे बोलायचे. देवळातली कीर्तने कानात होती, म्हणून ती लय परकी वाटली नाही.

पोरे मुंबईला गेली की गावच्या नमनाला माणसे कमी पडतात. म्हणून या मेळाव्यात एवढेच मागणे : शाळेतल्या मुलांना वर्षातून एकदा तरी मृदंगाशेजारी बसवू या. मोलिएर आणि आळेकर त्यांना तिथून जवळ पडतील.