जोडलेलं छायाचित्र खरं मानायचं का?

आज आपण एका तंत्राचा इतिहास पाहणार आहोत. उंच जागी कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, एकाच दिशेचे कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाचे तीन फोटो घ्यायचे, कॅमेरा थोडा वळवायचा, पुन्हा तीन. सहा दिशांचे अठरा फोटो झाले की संगणक त्यांचं एकच रुंद चित्र करतो. त्यात ढगही दिसतात आणि सावलीतला दगडही. पण असं दृश्य कॅमेऱ्यानं कुठल्याही एका क्षणी टिपलेलं नसतं. मग ते खरं मानायचं का?

हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. ही काच निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन जाई. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी, ते मूळचे चित्रकार, १८५६-५७च्या सुमारास यावर तोड काढली : समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि क्षितिजावर सांधा. लोक थक्क झाले. पण गंमत बघा, त्यांच्या काही वेगवेगळ्या समुद्रांवर ढग मात्र तेच आहेत!

आता रुंदीकडे वळू. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या टेकडीवरून तेरा काचांवर चहूबाजूंचं शहर टिपलं. प्रत्येक काच तिथल्या तिथे तयार करायची, ओली असतानाच वापरायची आणि लगेच धुवायची. त्यात तास उलटले, सावल्या सरकल्या. म्हणजे ल ग्रे यांनी दोन आकाश-समुद्र जोडले, तर मायब्रिज यांनी दिवसाचे निरनिराळे प्रहर.

संगणकाच्या काळात १९९५ साली स्टीव्ह मॅन आणि रोझलिंड पिकार्ड यांनी, तर १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या प्रकाशाच्या फोटोंवरून दृश्यातल्या प्रत्येक बिंदूचा सापेक्ष प्रकाश काढण्याची रीत मांडली. पुढे २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी, क्रम न सांगताही, फोटोंतल्या समान खुणा ओळखून ते आपोआप सांधून दाखवले. इथे जोडणी म्हणजे नुसती सजावट नाही, ते मोजमाप आहे.

आम्हाला वाटतं, ‘जोडलेलं की न जोडलेलं’ हा भेदच चुकीचा आहे. विचारायचं ते असं : जोडलेले तुकडे एकाच जागेचे, एकाच वेळेचे आहेत का? आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचं तर त्यात प्रत्यक्ष किती आणि अनुमान किती?

खरी अडचण चालत्या माणसाची. तीन फोटोंत तो तीन ठिकाणी असतो. जोडलेल्या चित्रात त्याची भुतासारखी पारदर्शक आकृती उरते. ती नको म्हणून प्रणाली एक जागा ठेवते, किंवा त्याला साफ पुसून टाकते. देखाव्यात हे चालून जाईल. पण तेच चित्र उद्या पुरावा म्हणून पुढे आलं, तर ‘इथे कोणी नव्हतं’ ही साक्ष कोणाची? कॅमेऱ्याची नव्हे.

म्हणून सुंदर जोडचित्र जरूर करा, पण मूळचे अठरा फोटो जपून ठेवा. शंका आली तर परत जायला तेवढीच जागा आहे.